आपलं नेट, त्यांचा टॉवर

प्रवासी: चीनला जायचं म्हटलं की हल्ली माणूस आधी व्हिसाचं विचारत नाही, नेटचं विचारतो. पुण्यातल्या आमच्या बोहरी आळीतून ग्वांगझूच्या कँटन फेअर या व्यापारमेळ्याला जाणारी मंडळी आहेत. एप्रिलमध्ये एक फेरी, ऑक्टोबरमध्ये एक. २०२० पासून बंद पडलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हापासून नवे चेहरेही दिसू लागलेत. आणि दर वेळी त्यातला एक तरी याच काळजीने बेजार असतो: "तिकडे व्हॉट्सअ‍ॅप बंद असतं म्हणे?" मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो व्हीपीएन टाकून घे, दुसरा म्हणतो हाँगकाँगचं सिम माग, तिसरा म्हणतो आठ दिवस नेटशिवाय राहा, तब्येत सुधारेल. मी एवढंच सांगतो की, बाबा रे, काही करू नकोस. आपलंच सिम ठेव, रोमिंगचा पॅक मार आणि जा. ग्वांगझूला उतरलास की फोनच्या कोपऱ्यात चायना युनिकॉम असं नाव येईल आणि व्हॉट्सअ‍ॅप, जीमेल, यूट्यूब, सगळं चालेल. लोकांना खरं वाटत नाही. फेसबुक तिथे २००९ पासून बंद, जीमेल २०१४ पासून, व्हॉट्सअ‍ॅप २०१७ पासून, विकिपीडिया तर २०१९ पासून झाडून सगळ्या भाषांतला. मराठी विकिपीडियाने त्यांचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे. पण रोमिंगवर चालतं, आणि त्यात जादू काही नाही. टॉवर त्यांचा असतो. डेटा मात्र त्यांच्या इंटरनेटवर उतरतच नाही. त्यांची कंपनी तो जसाच्या तसा बांधून, कंपन्यांनी आपसांत टाकलेल्या वाटेने आपल्या कंपनीकडे पाठवते आणि तिथून तो जगात बाहेर पडतो. साइटला वाटतं, हा माणूस भारतातच बसलाय. गाळण्या लागतात त्या त्यांचं इंटरनेट बाहेरच्या जगाला जोडलं जातं त्या नाक्यांवर. तिथे साइटचा पत्ता विचारला की चुकीचा पत्ता मिळतो, नाहीतर जोडणी मध्येच तुटते. आपला डेटा त्या वाटेला जातच नाही. पोरगी सासरी नांदते, पण पाणी पिते माहेरच्या आडाचं.

शंकेखोर: तुम्ही हे असं सांगताय की जणू त्यांच्या नजरेतून एक फट राहून गेली आणि ती बोहरी आळीला सापडली. अहो, व्हीपीएनचा डेटा कुलूपबंद असला तरी त्याच्या नुसत्या चालीवरून जे तो ओळखतात, संशय आला तर पलीकडच्या सर्व्हरला स्वतःहून खडे मारून पाहतात, त्यांना रोमिंगची वाट ठाऊक नसेल? ती फट नाही, दार आहे, आणि ते त्यांनी समजून-उमजून उघडं ठेवलंय. कारण तुम्ही माल घ्यायला येता. फेअरच्या एका हंगामात दोन लाखांच्या वर परदेशी खरेदीदार येतात. त्यांचे ईमेल बंद पडले तर ऑर्डरी बंद पडतील. उत्तर कोरियाने हेच जास्त उघडपणे केलं होतं. २०१३ च्या फेब्रुवारीत तिथे परदेशी पाहुण्यांना मोबाइलवर इंटरनेट मिळू लागलं, आणि त्याच कंपनीचं सिम वापरणाऱ्या देशी माणसाला मात्र देशातल्या देशात फिरणारं जाळं, बस. आता, ज्याने दार ठेवलंय तो ते लावूही शकतो. रशियात ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी सिम देशात शिरलं की पहिले चोवीस तास डेटा आणि एसएमएस बंद. कारण सांगितलं ड्रोनचं: ड्रोन मोबाइलच्या जाळ्यावर उडवतात, त्यात परदेशी सिम असतात. कारण खरं असेलही. पण तुमचं ते माहेरचं पाणी किती दिवस मिळायचं ते सासऱ्याच्या हातात आहे, एवढं त्यातून कळतं. तेव्हा नवख्या माणसाला "काही करू नकोस" असं सांगताना "आज तरी" हे दोन शब्द जोडत चला.

प्रवासी: जोडतो. दार त्यांनी ठेवलंय हेही कबूल. पण त्याने माझं काय बिघडलं? व्हिसाही त्यांनीच दिलेला असतो, तोही ते रद्द करू शकतात. परक्याच्या घरी आपण त्याच्या मर्जीनेच जातो. मला तिथे जाऊन त्यांची राज्यव्यवस्था बदलायची नाही. मला नळाच्या तोटीचा फोटो दुकानात पाठवून "हाच का माल?" एवढं विचारायचंय. बँकेचा ओटीपी यायला हवा. रात्री आईला व्हिडिओ कॉल नाही केला तर ती जेवत नाही. आणि रोमिंगला पर्याय काय, तर व्हीपीएन. तो मी कुणालाच सुचवत नाही. एक तर तो इथूनच टाकून न्यावा लागतो, कारण तो जिथे मिळतो त्या साइटी तिथे उघडत नाहीत. ॲपलने जुलै २०१७ मध्ये चीनच्या दुकानातून व्हीपीएनची अ‍ॅप्स काढून टाकली. दुसरं, त्यांची मोठी अधिवेशनं आली, तिआनमेनची चार जूनची तारीख जवळ आली, की नेमका तेव्हाच तो मान टाकतो. आणि तिसरं, ते बेकायदा आहे की नाही याचं उत्तर कुणाला विचारताय त्यावर ठरतं. सरकारमान्य कंपनीकडून घेतलेली जोडणी चालते, बाकी नाही. ग्वांगशीत व्हीपीएन विकणाऱ्या एकाला डिसेंबर २०१७ मध्ये साडेपाच वर्षांची कैद झाली. ग्वांगडाँगमध्ये नुसता वापरणाऱ्या एकाला १,००० युआन दंड झाला, त्याची बातमी जानेवारी २०१९ मध्ये सगळीकडे फिरली. परदेशी माणसाच्या वाटेला सहसा कुणी जात नाही, पण "सहसा"च्या भरवशावर मी धंदा करत नाही. दुबईतले आपले लोक व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही म्हणून व्हीपीएन टाकतात, आणि तिथे गुन्हा करायला किंवा लपवायला तो वापरल्याचं ठरलं तर दंड ५ लाख दिरहॅमपासून सुरू होतो. त्यापेक्षा रोमिंग सरळ. दोन कंपन्यांचा करार, महिन्याचं बिल, कुणाला काही लपवायचं नाही.

शंकेखोर: सरळ आहे, पण तुम्हाला मिळालं काय ते पाहा. तुम्ही भारताचं इंटरनेट ग्वांगझूला नेलंत, आणि ते शहर त्यावर चालतच नाही. तुमचा गुगल मॅप उघडेल, आणि तुम्ही हॉटेलच्या दारात उभे असताना निळा ठिपका तुम्हाला नदीत उभं करेल. कारण त्या देशात नकाशाचे अक्षांश-रेखांश कायद्यानेच ठरावीक पद्धतीने सरकवून छापायचे असतात, आणि फोनचं जीपीएस खरी जागा सांगतं. दोन्हींत शे-पाचशे मीटरचा फरक पडतो. स्टेशनवर फुकट वायफाय आहे, पण कोड येतो तो चिनी नंबरवर. रस्त्यावर नूडल्स विकणाऱ्या बाईच्या गाडीला पैसे घ्यायच्या क्यूआर कोडाची चिठ्ठी चिकटवलेली असते. नोट पुढे केली तर ती घेईल, नाही असं नाही, पण सुट्ट्यासाठी शेजारच्या गाडीवर जाईल आणि तुमच्या मागची रांग तुमच्याकडे पाहत राहील. आणि खरी गंमत इथून पुढे आहे. वीचॅट आपल्या सरकारने २९ जून २०२० ला बंद केलं, त्या पहिल्या ५९ अ‍ॅपांच्या यादीत. अलीपे सप्टेंबरातल्या ११८ च्या यादीत गेलं. म्हणजे ज्या दोन अ‍ॅपांवाचून तिथे चहा मिळायची मारामार, ती दोन्ही तुमच्या फोनच्या भारतीय दुकानात दिसत नाहीत. आणि तुमचा डेटा भारतातून बाहेर पडतो, असं तुम्हीच आत्ता अभिमानाने सांगितलंत. मग भारताची बंदीही त्याच वाटेने तुमच्यासोबत येते. एखादं अ‍ॅप निसटून चालेल, एखादं गोल गोल फिरत बसेल. चीनच्या मधोमध उभा असलेला माणूस चिनी अ‍ॅप उघडत नाही म्हणून हैराण, आणि अडवतंय कोण, तर दिल्ली! त्यांच्या बंदीतून सुटलात ते आपल्या बंदीत अडकून. तुम्हाला मोकळं इंटरनेट मिळालं असं मला दिसत नाही. फक्त राखणदार बदलला.

प्रवासी: हे खरंय, आणि म्हणूनच मुरलेला माणूस दोन सिमं ठेवतो. नवख्याला मी सगळं एकदम सांगत नाही, नाहीतर तो जायचाच रद्द करेल. विमानतळावर सिमचं काउंटर असतं. मुलगी पासपोर्ट घेते, पान उघडून यंत्राखाली धरते, मग कॅमेऱ्याकडे बघायला सांगते. डिसेंबर २०१९ पासून नवं सिम घेताना चेहरा टिपणं सक्तीचं आहे, त्यांच्या माणसांनाही आणि आपल्यालाही. चष्मा काढा, मान सरळ, पुन्हा एकदा. मग सिम हातात येतं आणि ते खोचायची पिन तिने आधीच काढून ठेवलेली असते. त्या नंबरावर वायफायचा कोड येतो, टॅक्सीवाल्याचा फोन येतो, पार्सलवाल्याचा येतो. फोनमध्ये वरच्या खणात आपलं, खालच्यात त्यांचं. पैसे द्यायचे, गाडी बोलवायची, नकाशा बघायचा, की डेटा त्यांच्या सिमवर. घरी बोलायचं की आपल्या सिमवर. दिवसातून वीस-पंचवीस वेळा ती एक कळ इकडून तिकडे करायची. पहिल्या दिवशी वैताग येतो; तिसऱ्या दिवशी बोटाला कळतं की आता कोणत्या देशात जायचंय. अलीपेला २०२३ पासून परदेशी कार्ड नीट जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या बिलाला वेगळं शुल्क नाही, त्यावर गेलं की तीन टक्के. आमचा एक भिडू तर २५० चं जेवण झालं की दोन बिलं करून मागतो. पुणेरीच तो.



शंकेखोर: म्हणजे आता तुमचं नाव दोन्ही वह्यांत. आपल्या सिमवर काही उघडतंय म्हणून ते कुणाला दिसत नाही, असा लोकांचा समज असतो आणि तुम्ही तो दूर करत नाही. रोमिंगवर असलात तरी तुमचा फोन कोणता, सिम कोणतं, कोणत्या टॉवरखाली किती वेळ होतात, हे त्यांच्या कंपनीला कळतंच. त्याशिवाय कॉल लागणार कसा? दोन कंपन्यांमधली ती वाट स्वतःहून कुलूपबंद नसते. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर कुणाला वाचता येत नाही तो व्हॉट्सअ‍ॅपने कुलूप लावलंय म्हणून. रोमिंगची त्यात काही कर्तबगारी नाही. अडवलं जात नाही म्हणजे पाहिलं जात नाही, असं नव्हे. आणि हल्लीची तरुण मुलं तर रोमिंगही घेत नाहीत, महाग पडतं म्हणून ऑनलाइन ई-सिम घेतात. पैसे एका देशातल्या कंपनीला, सिम दुसऱ्या देशातल्या कंपनीचं, डेटा बाहेर पडतो तिसऱ्याच देशातून. फोन चीनमध्ये आणि साइट भाव दाखवते सिंगापूर डॉलरमध्ये. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी ई-सिमं तपासली, तेव्हा काहींचा डेटा चिनी कंपनीच्या जाळ्यातून जाताना सापडला, आणि वापरणारा माणूस चीनमध्ये नव्हताच! आता बोला. भिंत चुकवायला घेतलेलं सिम कुणाच्या अंगणातून जातं ते घेणाऱ्याला ठाऊक नाही, विकणाऱ्या पोरालाही नाही. तुमची बँक, तुमच्या ऑर्डरी, तुमचा भाव काय ठरला, हे सगळं त्यावरून जाणार. पान खातानासुद्धा आपण पानवाला कोण ते बघतो.

प्रवासी: बघतो कुठे? समोर असेल त्याच्याकडे खातो. पण मला सांगा, हे सगळं तुम्हाला चीनचं म्हणून खुपतंय की मुळातच खुपतंय? कारण मी काश्मीरलाही गेलोय. आपल्याच देशात. श्रीनगरला उतरलं की महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम मुकं होतं, बाहेरचं फक्त पोस्टपेड चालतं. टूरवाले निघण्यापूर्वी सगळ्यांना बजावतात, आणि तरी विमानतळावर अर्धी बस "रेंज का येत नाही?" म्हणत फोन हलवत असते. ५ ऑगस्ट २०१९ ला तिथलं नेट गेलं. जानेवारी २०२० मध्ये टूजी आलं, तेही ठरावीक साइटींपुरतं, आणि फोरजी यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. दीड वर्ष! तिथल्या पोरांनी लॉकडाउनमधली ऑनलाइन शाळा टूजीवर केली. आता परदेशी पाहुण्याच्या बाजूने आपल्याकडे बघा. युरोपातला गिर्यारोहक डोंगरात अडकलो तर उपग्रहावरून निरोप धाडायचं छोटं यंत्र पिशवीला लटकवून येतो. जगभर ते साधं सुरक्षेचं साधन आहे, आपल्याकडे परवान्याशिवाय गुन्हा. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर पाहुणे त्यासाठी अडकले. आपण कारण सांगतो २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याचं, आणि ते खोटं नाही. मुंबईत आलेल्या अतिरेक्यांकडे सॅटेलाइट फोन होताच. पण त्या पाहुण्याला जाऊन विचारा, मर्यादित इंटरनेटचा देश कोणता, तो काय उत्तर देईल? तुमची ती ई-सिमं विकणारी दोन अ‍ॅपं जानेवारी २०२४ मध्ये आपल्याच सरकारने दुकानातून काढायला लावली. परवानगी नाही, फसवणुकीला वापरतात, असं कारण दिलं. रशिया म्हणतो ड्रोन, आपण म्हणतो अतिरेकी, चीन म्हणतो सामाजिक स्थैर्य. कारण नसलेली बंदी मी अजून पाहिली नाही.

शंकेखोर: तुम्ही काश्मीर बचावासाठी काढलंत, मला ते आरोपपत्रात जोडावंसं वाटतं. त्यांचं झाकायला आपलं दाखवलं म्हणून दोन्हींतलं एकही झाकलं जात नाही. तरी एक फरक सांगतो, आणि तो मोठा आहे असं मी म्हणत नाही. काश्मीरच्या नेटबंदीवर पत्रकार अनुराधा भसीन सुप्रीम कोर्टात गेल्या. १० जानेवारी २०२० ला कोर्टाने म्हटलं, बेमुदत बंदी चालणार नाही, आणि बंदीचा हुकूम प्रसिद्ध करावा लागेल. त्यानंतरही फोरजीला वर्ष लागलं, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण हुकूम दाखवा असं म्हणायला एक जागा होती. चीनमध्ये साइट उघडत नाही तेव्हा पडद्यावर "सरकारने बंद केली आहे" असंसुद्धा येत नाही. नुसतं फिरत राहतं. वाटावं, आपलाच फोन बिघडला. कोणत्या हुकमाने बंद केली, कधी केली, कुणाकडे दाद मागायची, याचा पत्ता नाही. पाहुण्याला याने फरक पडत नाही, त्याला आठ दिवसांनी परत यायचंय. पण तिथे राहणाऱ्याला पडतो. तुमच्या सगळ्या बोलण्यात हा राहणारा माणूस अजून आलेलाच नाही. सिमं आली, पॅक आले, तीन टक्के आले. तुम्ही ज्याच्याकडून तोट्या घेता तो त्याच्या मुलाशी, भावाशी कशावर बोलतो? आणि तुमच्याशी?

प्रवासी: वीचॅटवरच. दुसरं आहे काय?

शंकेखोर: मग तुमचा डेटा मुंबईतून निघो की सिंगापुरातून, गप्पा वीचॅटच्या घरात चालल्यात. टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने २०१६ मध्ये दाखवलं की चिनी नंबरावर उघडलेल्या खात्याला शब्दांची गाळणी लागते, आणि पुढे नंबर बदलला तरी ती सुटत नाही. २०२० मध्ये त्यांनीच दाखवलं की बाहेरच्या नंबरांच्या खात्यांत फिरणारे फोटो आणि फाइलीही तपासल्या जातात, आणि त्यावरून आतल्यांना काय अडवायचं ते शिकलं जातं. म्हणजे तुम्ही गमतीत एखादा फोटो पाठवलात, तुमचं काही होणार नाही. समोरच्याला तो मिळणार नाही, हा चांगला शेवट. वाईट शेवट असा की मिळेल, आणि कुणाकडून आला याचीही नोंद राहील. तुमच्या मोकळेपणाची किंमत तुम्ही भरत नाही, तुमच्या ओळखीचा माणूस भरतो. रोमिंगच्या बिलात ती ओळ छापलेली नसते.

प्रवासी: हा मुद्दा मी टाळत होतो, कारण मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. यिवूला माझा जुना पुरवठादार आहे. त्याचा मुलगा बाहेर मास्टर्स करायची तयारी करत होता. हॉटेलच्या खालच्या सोफ्यावर वडील आणि मी भाव घासत बसलो होतो, हा शेजारी लॅपटॉप घेऊन. मध्येच त्याने इंग्रजीत हळूच विचारलं, अंकल, तुमचं नेट बाहेरचं आहे ना, थोडा वेळ हॉटस्पॉट द्याल? गुगल स्कॉलर पाहायचं होतं त्याला. ज्या प्राध्यापकाकडे अर्ज करायचा त्याचे निबंध. एवढंच. क्रांती नाही, बातम्या नाहीत, पाण्याच्या शुद्धीकरणावरचे निबंध. वडिलांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि परत कॅल्क्युलेटरवर आकडा मारला. मी पासवर्ड सांगितला. तो वीसेक मिनिटं भराभर पानं उतरवत होता, न वाचता, कारण वाचायला नंतर वेळ होता, उतरवायला नव्हता. वीस मिनिटांसाठी मी त्याला माझ्या देशात बसवून आणलं. आता तुम्ही सांगा, चूक केली?

शंकेखोर: त्याच्या खिशात फोन होता?

प्रवासी: असणारच. त्याचं काय?

शंकेखोर: तोही जोडला गेला असेल तर विचार करा. एप्रिल २०२२ पासून वेइबोवर, म्हणजे त्यांच्या ट्विटरवर, प्रत्येक पोस्टखाली लिहिणारा कुठून लिहितोय ते आपोआप छापून येतं. चीनमध्ये असेल तर प्रांताचं नाव, बाहेर असेल तर देशाचं. बंद करायची सोय नाही. त्या वीस मिनिटांत त्याने कुठे साधी प्रतिक्रिया टाकली असेल, तर तिच्याखाली "भारत" असं आलं असेल. यिवूत बसलेला मुलगा वीस मिनिटं भारतात आणि मग परत आपल्या झेजियांग प्रांतात! कुणी पाहिलं नसेल. बहुधा नाहीच. पण नोंद राहिली, आणि ती तुमच्या नावावर नाही. तुम्ही रोमिंगला सरळ म्हणालात, दोन कंपन्यांचा करार म्हणालात. त्या करारात हा मुलगा कुठे बसतो? तुम्ही ते नेट वापरलंत तर तो धंदा; त्याने तेच वापरलं तर तो कशात मोडतो, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. सोफा एक, टॉवर एक, सिमसुद्धा एक. फरक फक्त पासपोर्टचा.

प्रवासी: म्हणजे द्यायला नको होतं?

शंकेखोर: असं मी म्हटलेलं नाही. नाही दिलंत तर काय केलंत? त्यांच्या भिंतीची एक वीट तुम्ही स्वतःच्या हाताने धरून ठेवलीत, आणि तीही त्याच्या भल्यासाठी म्हणून. सगळे भिंतवाले हेच तर म्हणतात. मला राग येतो तो दिल्याचा नाही, ते इतकं सोपं वाटण्याचा. पासवर्ड सांगितला, चहा मागवला, झालं.

प्रवासी: सोपं नव्हतं. आणि तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहते. तो मुलगा चोवीस वर्षांचा, इंजिनिअर झालेला. वेइबोवर काय छापून येतं ते त्याला ठाऊक नसेल आणि पुण्यात बसलेल्या तुम्हाला असेल, असं कसं? त्याने लॅपटॉपवर मागितलं, फोनवर नाही. हळू आवाजात मागितलं. मला विचारायच्या आधी किती दिवस त्याने हे मनात घोळवलं असेल! त्याच्या वडिलांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत, तेही काही न समजून नव्हे. धोका कुठे आहे आणि कितपत आहे, हे त्या दोघांना आपल्या दोघांपेक्षा दसपट कळतं. तुम्ही त्याची काळजी करता करता त्याला कुकुल्या बाळासारखं वागवताय. त्याचा निर्णय त्याने घेतला, मी फक्त नाही म्हटलं नाही.

शंकेखोर: मग निर्णय त्याचा, हे मी मान्य करतो. पण तो निर्णय तुमच्या सिमवर उभा होता. ते सिम कुणाचं, त्याचा डेटा कुठून बाहेर पडतो, वाटेत कोण बघतं, हे त्याला तुम्ही सांगितलं नव्हतं, कारण तुम्हालाच माहीत नव्हतं. समजा, त्या वेळी तुमच्याकडे ते तीन देशांतून फिरणारं स्वस्त ई-सिम असतं. तरी पासवर्ड दिला असता?

प्रवासी: दिला असता. तेव्हा दिलाच असता. आता विचाराल तर... आधी त्याला सांगितलं असतं की बाबा, हे अमक्याचं सिम आहे, याचं पाणी कुठून येतं मला ठाऊक नाही.

शंकेखोर: आणि त्याने तरी मागितलं असतं?

प्रवासी: मागितलं असतं. अर्जाची तारीख चार दिवसांवर आली होती.

शंकेखोर: पुढच्या हंगामात नवखे पुन्हा तुमच्याकडेच येणार विचारायला. त्यांना हे सांगणार आहात? का परत "काही करू नकोस, पॅक मार आणि जा"?

प्रवासी: त्यांना मी दोन सिमांचं सांगेन, कळ कधी कुठे ठेवायची ते सांगेन, ई-सिम घेतलंस तर डेटा कुठून बाहेर पडतो ते आधी विचार, हे सांगेन. "आज तरी" हेही सांगेन, तुमची मागणी म्हणून. हॉटस्पॉटचं काय सांगू? "देऊ नका" असं मी सांगणार नाही, मी दिलाय. "द्या" असंही कसं सांगू, प्रत्येकाचा पुरवठादार वेगळा, प्रत्येकाचा मुलगा वेगळा. तुम्हीच सुचवा.

शंकेखोर: "कुणी मागितला तर लॅपटॉपला द्या, फोनला नको."

प्रवासी: एवढंच? इतका वेळ भांडून?

शंकेखोर: एवढं मला नक्की माहीत आहे. त्याच्या पुढचं, द्यावा की नाही, ते तुम्ही त्या सोफ्यावर बसून ठरवलंत, मी खुर्चीत बसून ठरवू शकत नाही. आणि लॅपटॉपमध्ये वीचॅट उघडं असतं तर, हे आत्ता लक्षात आलं माझ्या.

प्रवासी: म्हणजे तेही बंद करायला सांगायचं.

शंकेखोर: सांगायचं. आणि तो तोंडाकडे बघत राहील, की ह्या अंकलना हे कुणी शिकवलं.